पर्जन्यजल-विसर्ग परवाने, नागरी

नगरपालिका किंवा तत्सम सार्वजनिक संस्था यांच्या पावसाळी गटारांतून नदी, सरोवर, खाडी यांसारख्या जलाशयांत पाणी सोडण्यासाठी, प्रदूषण-नियंत्रणाच्या अटींवर व ठराविक मुदतीपुरती मिळणारी शासकीय अनुज्ञा म्हणजे नागरी पर्जन्यजल-विसर्ग परवाना होय. या परवान्यांची सविस्तर पद्धती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) १९८७ च्या कायदेदुरुस्तीनंतर विकसित झाली. तीत शहरांना परवान्याचे अनेक पर्याय उपलब्ध आहेत. वरवर पाहता हे पर्याय केवळ कार्यालयीन सोयीचे वाटतात. वस्तुतः शहराचे कर्तव्य कोणी ठरवावयाचे व त्याचे पालन कोणी तपासावयाचे, या प्रश्नाची ती निरनिराळी उत्तरे आहेत.

पर्जन्यजलाचे प्रदूषण : उघड्या जमिनीवर पडलेल्या पावसाचा बराच भाग मातीत मुरतो. डांबरी रस्ते, वाहनतळ व छपरे यांवरून मात्र तो जवळजवळ सर्वच वाहून जातो. एक हेक्टर फरसबंद क्षेत्रावर २५ मिमी. पाऊस पडला, तर सु. २५० घ. मी. पाणी तेथून निघते. वाहताना ते वाहनांचे तेल, ब्रेकच्या झिजेतून सुटलेले तांबे, पत्र्यांवरील जस्त, हिरवळीवर टाकलेली खते व कीटकनाशके, पाळीव प्राण्यांची विष्ठा आणि बांधकामावरील सुटी माती बरोबर नेते. जेथे मलवाहिन्या व पावसाळी गटारे पृथक् असतात, तेथे हे पाणी शुद्धीकरण केंद्राकडे न जाता थेट जलाशयात पडते.

कारखान्याचे सांडपाणी सामान्यतः ठराविक नळातून व बव्हंशी नियमित प्रमाणात बाहेर पडते. त्यामुळे अमुक घटक दर लिटरमागे अमुक मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, असे बंधन आकड्यांत घालता येते. शहराच्या पावसाळी गटारांना शेकडो मुखे असू शकतात आणि त्यांतील पाण्याचे प्रमाण व घटक प्रत्येक सरीबरोबर बदलतात. म्हणून या परवान्यांतील अटी मुख्यतः आकडेवार मर्यादांच्या नव्हे, तर योजावयाच्या उपायांच्या स्वरूपात असतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : १९७२ च्या संघीय जलप्रदूषण-नियंत्रण अधिनियमातील दुरुस्त्यांनी परवान्याशिवाय कोणत्याही नळातून वा नालीतून जलाशयांत प्रदूषक सोडण्यास मनाई केली. पावसाळी गटारांची संख्या प्रचंड असल्याने पर्यावरण संरक्षण अभिकरणाने १९७३ मध्ये त्यांपैकी बहुतेकांना परवान्यातून सूट दिली. नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली. अशी सरसकट सूट देण्याचा अधिकार अभिकरणास नाही. मात्र एकाच सर्वसाधारण परवान्याखाली अनेक विसर्ग आणता येतील, असा निर्णय कोलंबिया जिल्ह्याच्या संघीय अपील न्यायालयाने १९७७ मध्ये दिला.

अभिकरणाने १९७८ ते १९८३ या काळात २८ ठिकाणी केलेल्या पाहणीत नागरी पर्जन्यजलात तांबे, शिसे व जस्त सर्रास आढळले. तसेच विष्ठाजन्य जंतूंचे प्रमाणही मोठे दिसले. १९८७ च्या जलगुणवत्ता अधिनियमाने परवाना-कलमात पर्जन्यजलासंबंधी खास उपकलम घातले. त्यानुसार शहरांनी प्रदूषक ‘महत्तम व्यवहार्य मर्यादेपर्यंत’ कमी करावेत आणि पावसाळी गटारांत पावसाखेरीज अन्य पाणी येऊ देऊ नये, असे ठरले. ‘व्यवहार्य’ म्हणजे किती, हे मात्र कायद्याने सांगितले नाही. पुढील वादांचे मूळ याच शब्दात आहे.

अंमलबजावणी दोन टप्प्यांत झाली. पहिल्या टप्प्याचे विनियम १९९० मध्ये निघाले. ते एक लाख वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या गटार योजनांना लागू झाले. दुसऱ्या टप्प्याच्या १९९९ च्या विनियमांनी नागरी क्षेत्रांतील लहान योजनाही परवान्याखाली आणल्या. त्यांत विद्यापीठे, लष्करी तळ, तुरुंग व राज्य महामार्ग विभाग यांच्या गटारांचाही समावेश होतो. २०२३ पासून किमान ५०,००० लोकवस्तीचे नागरी क्षेत्र हा या संदर्भातील निकष आहे.

परवान्यांचे पर्याय : परवान्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे असते. बहुतेक घटक राज्यांत परवाने राज्य शासन देते. मॅसॅचूसेट्स व न्यू हॅम्पशर यांसारख्या थोड्या राज्यांत ते थेट अभिकरण देते. लहान शहरांपुढील प्रमुख पर्याय पुढीलप्रमाणे आहेत :

(१) सर्वसाधारण परवाना : राज्यातील अनेक शहरांसाठी एकच परवाना काढला जातो व प्रत्येक शहर इरादापत्र सादर करून त्याखाली येते. श्रम व खर्च कमी असल्याने बहुसंख्य लहान शहरे हाच मार्ग स्वीकारतात.

(२) स्वतंत्र परवाना : शहर स्वतःच्या परिस्थितीस अनुरूप असा वेगळा परवाना मागते. तो पुढे दिलेल्या सहा किमान उपायांवर आधारलेला असू शकतो किंवा मोठ्या शहरांसाठीच्या पहिल्या टप्प्यातील नियमांनुसार घेता येतो. पहिल्या टप्प्याच्या नियमांनी मोठ्या शहरांच्या अर्जात प्रातिनिधिक मुखांजवळील पाण्याचे नमुने, स्थानिक कायदेशीर अधिकारांचा पुरावा व आर्थिक तरतुदीचा तपशील मागितला होता.

(३) सहपरवाना : शेजारच्या मोठ्या शहराच्या परवान्यात लहान शहर सहभागी होते. गटारे परस्परांना जोडलेली असल्यास हा पर्याय सोयीचा ठरतो. एखादे काम दुसऱ्या संस्थेकडे सोपविता येते. मात्र तिने ते न केल्यास जबाबदारी सामान्यतः मूळ परवानाधारकावरच राहते.

(४) सूट : लोकवस्ती १,००० हून कमी असून जोडलेल्या शेजारच्या योजनेतील प्रदूषणात विशेष भर पडत नसल्यास परवाना माफ होऊ शकतो. १०,००० हून कमी लोकवस्तीसही सूट मिळू शकते. परंतु त्यासाठी संबंधित जलाशयांची तपासणी होऊन नियंत्रण अनावश्यक असल्याचे ठरावे लागते.

अटी : लहान शहरांच्या कार्यक्रमात सहा किमान उपाय आवश्यक असतात : (१) लोकशिक्षण, (२) लोकसहभाग, (३) अवैध विसर्गांचा शोध व बंदोबस्त, (४) एक एकर (सु. ०·४ हेक्टर) वा अधिक जमीन उकरणाऱ्या बांधकामांवरील माती व गाळ यांचे नियंत्रण, (५) बांधकाम पूर्ण झाल्यावरही पाणी मुरविणाऱ्या वा अडविणाऱ्या सोयींची कायम देखभाल आणि (६) नगरपालिकेच्या स्वतःच्या कामांतील, उदा., रस्तेझाडणी, वाहनदुरुस्ती, मीठसाठा इ. बाबतींतील, दक्षता.

यांपैकी तिसरा उपाय तांत्रिक दृष्ट्या विशेष महत्त्वाचा आहे. त्यासाठी शहराला गटारांची सर्व मुखे व ती ज्या जलाशयांत उघडतात त्यांची नावे दाखविणारा नकाशा तयार करावा लागतो. दोन-तीन दिवस पाऊस नसतानाही एखाद्या मुखातून पाणी वाहत असेल, तर कोणीतरी मलवाहिनी वा कारखान्याचा नळ चोरून किंवा चुकून गटारास जोडला असण्याचा संभव असतो. मग एकेका तपासकुंडीतून वर जात उगमाचा शोध घेतात. आग विझविताना वापरलेले पाणी, बागेचे पाणी इत्यादींना, त्यांमुळे लक्षणीय प्रदूषण होत नसल्यास, या नियमातून वगळले आहे.

जलाशय आधीच दूषित म्हणून नोंदला गेला असल्यास अटी अधिक कडक होतात. मॅसॅचूसेट्समधील २०१६ चा सर्वसाधारण परवाना २०१८ पासून अंमलात आला; त्यात चार्ल्स नदीच्या पाणलोटातील शहरांना फॉस्फरस टप्प्याटप्प्याने घटविण्याची योजना सक्तीची केली आहे. परवान्याचा भंग झाल्यास शासनाप्रमाणेच नागरिकांनाही, ६० दिवसांची पूर्वसूचना देऊन, न्यायालयात जाता येते.

न्यायनिर्णय व मूल्यमापन : १९९९ च्या विनियमांनुसार लहान शहर आपला कार्यक्रम स्वतःच आखून इरादापत्रात नमूद करी आणि तो कोणी तपासण्यापूर्वीच परवान्याखाली येई. बांधिलकी ज्याच्यावर त्यानेच ती ठरवावी, असा हा प्रकार होता. संघीय अपील न्यायालयाने (नववे मंडल) २००३ मध्ये तो अवैध ठरविला. कारण कार्यक्रम खरोखर ‘महत्तम व्यवहार्य’ आहे की नाही हे शासनाने पाहणे व जनतेस मत मांडण्याची संधी मिळणे, ही कायद्याचीच अपेक्षा होती. तदनुसार २०१६ मध्ये विनियम सुधारण्यात आले. आता सर्व अटी एकाच सर्वसाधारण परवान्यात घालाव्या लागतात किंवा दुसऱ्या पायरीवर, जाहीर सूचना देऊन, प्रत्येक शहरासाठी वेगळ्या अटी ठरवाव्या लागतात. दोन्ही प्रकारांत अटी स्पष्ट, नेमक्या व मोजता येण्याजोग्या असणे आवश्यक आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजू २०२५ मध्ये पुढे आली. जलाशयाच्या गुणवत्तेचा भंग होता कामा नये, एवढेच सांगून उपाय परवानाधारकावर सोडणारी कलमे अभिकरणास घालता येणार नाहीत. कोणते उपाय योजावयाचे ते अभिकरणानेच सांगावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या दाव्यात दिला. तो दावा मलजल व पर्जन्यजल एकत्र वाहून नेणाऱ्या गटारांविषयी होता; तथापि तत्सम कलमे पर्जन्यजल परवान्यांतही आढळत असल्याने त्याचे महत्त्व तेथेही आहे.

दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता या परवान्यांचे मर्म लक्षात येते. शहराने केवळ स्वतःच्या शब्दावर मोकळे होऊ नये, तसेच शासनाने केवळ फलाचा आग्रह धरून मार्ग सांगण्याचे टाळू नये. पाऊस रोखता येत नाही. मात्र तो पडण्यापूर्वी कोणी काय करावयाचे हे निश्चित करता येते. असे निश्चित कर्तव्य ज्या परवान्यात नाही, तो कोणत्याही पर्यायाखाली घेतलेला असला, तरी नदीच्या दृष्टीने निव्वळ कागद ठरतो.