रेघ नेईल तिकडे

सोलापूरची चादर मागावर चढण्याआधी कागदावर उतरते. चौकडीच्या कागदावर घराघराने फूल भरायचे, मोर भरायचा. मग त्याबरहुकूम जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोके पाडायची. एक घर चुकले की तीच चूक चादरभर पुन्हा पुन्हा उमटणार. अशा गावात कुणी म्हणाले, ‘काय काढायचे ते न ठरवता चित्र काढा,’ तर पूर्व भागातला एखादा नक्षीकार हसेलच!

पण कापडाच्या नक्षीवर पोट असलेला एक चित्रकार याच वाटेने गेला. प्रभाकर बरवे १९५९ साली जे. जे.मधून बाहेर पडले आणि १९६१ पासून सरकारी विणकर सेवा केंद्रात, आधी बनारसला व मग मुंबईला, नोकरीत राहिले. त्यांच्या डायऱ्यांत टिपणे आणि रेखाटने शेजारी शेजारी नांदतात. पान, घड्याळ, ढग अशा साध्या वस्तू तिथे नकळत उतरत आणि पुढे काटेकोरपणे चित्रात येत. १९९० साली त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ लिहिले. चित्रकलेवर मराठीत असे पुस्तक विरळाच.

रवींद्रनाथांचे उदाहरण तर घरोघरी सांगावे असे. १९२४ साली ‘पूरबी’च्या हस्तलिखितात खोडलेले शब्द रेघांनी जोडता जोडता त्यातून पक्षी आणि अनोळखी प्राणी निघू लागले. १९३० साली पॅरिसला चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा कवी सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

आणि आपण? एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेडपायी मुलांच्या हाती आधी खोडरबर देतो. (परीक्षा वाईट नव्हेत, पण नमुना समोर नसला की हात थिजतो, त्याचे काय?)

तेव्हा एखाद्या रविवारी जुन्या वहीचे पाठकोरे कागद घ्या. पेन्सिल टेकवा आणि दहा मिनिटे उचलू नका. रेघ अडखळेल, गुंता होईल, होऊ द्या. मग कागद फिरवून चारही बाजूंनी पाहा. कुठेतरी चोच, डोंगर, आजीचा अंबाडा दिसेल. खरे काम इथून सुरू होते. दिसलेला आकार निवडायचा, बाकीचा गुंता सोडायचा आणि दुसऱ्या कागदावर तो आकार जाणीवपूर्वक पुन्हा काढायचा. नुसत्या गिरगोट्यात रमलो तर तो विरंगुळाच राहतो.

रंग मात्र पहिल्या दिवशी नकोत. आणि ‘हे काय काढलंस?’ असे मुलांना विचारू नका. त्यांनाही ते अजून दिसायचे असते.