फांदीवरचा आकडा

चार प्रजातींचा वंशवृक्ष, मूळ न ठरवता, फक्त ३ प्रकारे मांडता येतो. प्रजाती १० झाल्या की शक्यता २०,२७,०२५ होतात. २० झाल्या की संख्या २१ अंकी! सगळी झाडं तपासणं संगणकालाही अशक्य.

म्हणून शास्त्रज्ञांनी सोप्या वाटा काढल्या. साइतो आणि नेई यांच्या ‘नेबर-जॉइनिंग’ पद्धतीने (१९८७) जवळच्या जोड्या जुळवत झटपट झाड मिळतं. पण जोसेफ फेल्सनस्टाइन यांनी १९८१मध्ये दाखवलेली वाट अधिक कसदार: डीएनएतल्या एकेका जागी एका प्रजातीत ‘ए’, दुसरीत ‘जी’ हे अक्षर दिसण्याची शक्यता कोणत्या झाडावर सर्वाधिक, ते मोजायचं.

अशा झाडाच्या फांदीवर ‘९५’ छापलेलं दिसतं ना? ती फेल्सनस्टाइन यांचीच १९८५ची ‘बूटस्ट्रॅप’ चाचणी. डीएनएतल्या जागांची पुन्हापुन्हा सोडत काढून बांधलेल्या दर १०० झाडांपैकी ९५मध्ये तो गट एकत्र आला, एवढाच त्याचा अर्थ.