गाडी उचलण्याआधी पाटे बघा

माझी पिकअप फलटणहून लोणंद, जेजुरी, सासवड करत पुण्याच्या गुलटेकडीला डाळिंबं नेते. माल भरला की बांधावरून डांबरीवर चढताना तिचा मागचा भाग घासायचा, म्हणून गाडी उचलून घ्यायचं मनात होतं. पाटेवाले मिस्त्री म्हणाले, "दादा, आधी पाटे उतरवू." कमान पार बसली होती. ती भरून, नवे यू-बोल्ट टाकल्यावर गेलेली उंची परत आली. माझ्या मते कष्टाच्या गाडीला एवढंच पुरे.

पाट्यांखाली ठोकळे घालून किंवा किट बसवून गाडी आणखी दोन-चार इंच वर घेता येते, दिसतेही रुबाबदार. पण वजनाचा मध्य वर जातो. दिवे घाटाच्या वळणावर भरलेली गाडी जास्त कलते. ब्रेकचा होज ताणला जातो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

पाटा वाढवला तरी आरसीवरचं वजन वाढत नाही. पाट्यांचं काम केल्यावर गाडी थोडी पळवून यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, मगच माल भरा.