एका भूमिकेने बेला लुगोसीला अमर केलं, पण त्याचा चेहरा त्याच्या घरच्यांचा राहिला नाही

ड्रॅक्युला म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चापून मागे वळवलेले केस, काळा झगा, रोखून बघणारे डोळे आणि जड, संथ उच्चारांचं इंग्रजी. मुखवट्यांपासून मीम्सपर्यंत सगळीकडे हाच ड्रॅक्युला दिसतो.

गंमत म्हणजे १८९७ च्या मूळ कादंबरीत ब्रॅम स्टोकरने रंगवलेला ड्रॅक्युला सुरुवातीला लांब पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे. आपल्या डोक्यात जो बसलाय, तो बेला लुगोसी नावाच्या हंगेरियन नटाने उभा केला. याच भूमिकेने त्याला जगभर ओळख दिली आणि याच भूमिकेने त्याच्या बाकीच्या वाटा बंद केल्या.

कोण होता हा लुगोसी?

जन्म १८८२ चा. गाव लुगोश, तेव्हा हंगेरीत, आता रोमानियात. खरं आडनाव ब्लास्को. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव होतं, तसंच त्याने गावावरून ‘लुगोसी’ हे नाव घेतलं.

बुडापेस्टच्या नॅशनल थिएटरमध्ये तो काम करायचा. १९१९ मध्ये तिथे कम्युनिस्ट सरकार आलं, तेव्हा त्याने नटांची संघटना बांधायला पुढाकार घेतला. काही महिन्यांत ते सरकार पडलं आणि त्याला देश सोडावा लागला. जर्मनीमार्गे तो अमेरिकेत पोहोचला, तेव्हा इंग्रजीची बोंब होती. सुरुवातीला तो नुसते उच्चार पाठ करून संवाद म्हणायचा.

१९२७ मध्ये त्याला ब्रॉडवेवर ‘ड्रॅक्युला’ नाटक मिळालं. २६१ प्रयोग झाले. पुढे युनिव्हर्सल स्टुडिओने सिनेमा काढायचं ठरवलं, पण पहिली पसंती लुगोसीला नव्हती. त्याला ही भूमिका हवीच होती, म्हणून तो आठवड्याला ५०० डॉलरवर तयार झाला. काम सात आठवड्यांचं, म्हणजे एकूण ३५०० डॉलर. १९३१ मध्ये सिनेमा आला आणि तुफान चालला.

मग घोडं अडलं कुठे?

हे समजायला दुसऱ्या एका नटाकडे बघावं लागतं. त्याच वर्षी युनिव्हर्सलचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ आला. त्यातल्या राक्षसाच्या भूमिकेसाठी आधी लुगोसीचा विचार झाला होता, पण ती गेली बोरिस कार्लोफकडे. कार्लोफ तेव्हा चाळिशी ओलांडलेला, कित्येक सिनेमांत किरकोळ कामं केलेला नट होता.

दोघेही भयपटांचे स्टार झाले. दोघांवर शिक्का एकच बसला. पण एक मोठा फरक होता. कार्लोफचा राक्षस मेकअपमन जॅक पियर्सने रंगरंगोटी करून घडवला होता. तो मेकअप उतरवला की खाली इंग्रजी सफाईने बोलणारा नट उरायचा. त्यामुळे कार्लोफ पुढे रंगभूमीवर गाजला, टीव्हीवर दिसला आणि १९६६ मध्ये ग्रिंचच्या लहान मुलांच्या कार्टूनला त्याने आवाज दिला.

लुगोसीचं तसं नव्हतं. त्याचा ड्रॅक्युला म्हणजे त्याचाच चेहरा, त्याचेच उच्चार. ते उतरवून ठेवणार कसं?

त्यात धंद्याचा फटका बसला. १९३६ च्या सुमारास ब्रिटनमधल्या सेन्सॉरच्या कडक धोरणामुळे हॉलिवूडने भयपटांना हात आखडता घेतला. भयपट बंद म्हणजे लुगोसीचं काम बंद. १९३८ मध्ये जुने सिनेमे पुन्हा लावले, ते चालले आणि त्याला परत बोलावणं आलं. ‘निनोच्का’सारख्या विनोदी सिनेमात छोटी भूमिकाही मिळाली, पण निर्माते त्याला भयपटांच्या पलीकडे फारसं नेईनात.

आता खरा धक्का. मोठ्या पडद्यावर पूर्ण लांबीच्या सिनेमात त्याने काउंट ड्रॅक्युला साकारला फक्त दोनदा, १९३१ आणि १९४८ मध्ये. तरी शिक्का जन्मभराचा.

शेवटची वर्षं हालाखीत गेली. दुखण्यावर घेतलेल्या मॉर्फीनचं व्यसन लागलं. १९५५ मध्ये तो स्वतःहून उपचारांसाठी दाखल झाला. १९५६ मध्ये तो गेला आणि घरच्यांनी त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं.

मेल्यानंतरचा खटला

१९६० पासून युनिव्हर्सलने ड्रॅक्युलाचे मुखवटे, खेळणी, शर्ट विकायचे परवाने द्यायला सुरुवात केली. त्यावर चेहरा लुगोसीचा. त्याचा मुलगा आणि पत्नी कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, करार सिनेमापुरता होता, चेहरा विकायचा नव्हता.

खालच्या कोर्टात ते जिंकले. पण १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. स्वतःच्या नावाचा आणि चेहऱ्याचा असा वापर करायचा हक्क माणसाने जिवंतपणीच वापरायचा असतो, तो वारसांना मिळत नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

यावर बरीच चर्चा झाली आणि १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला. आता तिथे मृत्यूनंतरही हा हक्क वारसांकडे जातो. सुरुवातीला मुदत ५० वर्षं होती, नंतर ती ७० झाली.

आपल्याकडे काय?

भारतात यासाठी वेगळा कायदा नाही, कोर्टाच्या निकालांवरच सगळं चालतं. २०२३ मध्ये अनिल कपूर यांना दिल्ली हायकोर्टाने नाव, आवाज, चेहरा आणि ‘झकास’ या शब्दासाठी संरक्षण दिलं. २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ ‘भिडू’साठी याच कोर्टात गेले. पण हे झालं हयात कलाकारांचं. सुशांत सिंह राजपूतच्या वडिलांनी सिनेमाविरोधात केलेल्या अर्जावर याच कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं की असे हक्क माणसाबरोबरच संपतात.

म्हणजे लुगोसीच्या घरच्यांना १९७९ मध्ये मिळालेलंच उत्तर. तेव्हा प्रश्न रबरी मुखवट्यांचा होता. आज एआय मेलेल्या नटाला पुन्हा बोलायला लावू शकतं. त्यामुळे एखाद्या भूमिकेसाठीच ओळखला जाणारा नट करारावर सही करतो, तेव्हा मानधनाच्या आकड्याइतकाच आणखी एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सिनेमा संपल्यावर हा चेहरा कुणाचा?