नळीत अडकलेली पुंगळी

व्हिएतनाम युद्धाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: रशियाची एके-४७ चिखलातसुद्धा चालायची, अमेरिकेची एम-१६ मात्र ऐन लढाईत दगा द्यायची. एम-१६ ने दगा दिला हे खरं आहे. पण एवढंच सांगून थांबलं की दोष रायफलीच्या माथी बसतो आणि खरे जबाबदार नामानिराळे राहतात.

‘दगा द्यायची’ म्हणजे नेमकं काय व्हायचं? गोळी सुटली की पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतींना घट्ट चिकटते. दाब उतरला की ती आकसते. मग यंत्रणा तिला ओढून बाहेर फेकते आणि पुढचं काडतूस आत सरकवते. १९६६-६७ मध्ये अनेक रायफलींत ती सैल होण्याआधीच ओढली जाई. ओढणारा आकडा पुंगळीची कड फाडून निसटे आणि पुंगळी आतच राही. मग एकच उपाय उरे. सफाईचा गज जोडायचा, नळीच्या तोंडातून आत घालायचा आणि ठोकून ठोकून पुंगळी मागे पाडायची, तीही समोरून गोळ्या येत असताना. म्हणून कित्येक जवान जोडलेला गज रायफलीलाच चिकटपट्टीने बांधून फिरत.

पहिला गैरसमज असा की या रायफलीची रचनाच टाकाऊ होती. यूजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार केलेली ही हलकी रायफल एका ठरावीक दारूवर बेतलेली होती. नोव्हेंबर १९६५ मध्ये इया द्रांगच्या खोऱ्यात हॅल मूर यांची तुकडी हीच रायफल घेऊन लढली आणि मूर यांनी तिचं कौतुक केलं. त्यानंतर व्हिएतनाममधल्या अमेरिकी फौजांचे प्रमुख जनरल वेस्टमोरलंड यांनी आणखी रायफली मागवल्या. नीट शिकवलेल्या, नीट निगा राखणाऱ्या जवानाच्या हातात ती चालत होती.

घोळ झाला होता तो आधीच, कागदावर. गोळीचा वेग सेकंदाला ३,२५० फूट हवा आणि चेंबरमधला दाबही ठरल्या मर्यादेतच राहिला पाहिजे, असा लष्कराचा हट्ट होता. मूळ दारू बनवणाऱ्या ड्यूपाँट कंपनीने मोठ्या उत्पादनात याची हमी देता येणार नाही असं कळवलं. मग १९६४ पासून गोल दाण्यांची दुसरी दारू भरली जाऊ लागली. तिच्यामुळे वेग मिळाला, पण यंत्रणा जास्त जोराने आणि लवकर मागे येऊ लागली, आतली काजळीही वाढली. भरीस भर म्हणजे चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या दमट बेटांवर नळ्या कशा गंजतात याचा धडा याच लष्कराने घेतला होता आणि आधीच्या एम-१४ ला क्रोम दिलंही होतं. इथे दिलं नाही. व्हिएतनामच्या ओलीत चेंबरला गंजाचे बारीक खड्डे पडत आणि फुगलेली पुंगळी त्यांत रुतून बसे.

दुसरा गैरसमज मला सर्वांत जास्त टोचतो: ‘जवानांनी रायफल साफ ठेवली नाही.’ तो तेव्हा वरूनच पसरवला गेला आणि अजूनही ऐकू येतो. निगा कमी पडत होती हे खरं आहे, पण का? या रायफलीला फारशी सफाई लागत नाही अशी बोलवा सैन्यातच पसरलेली होती. सफाईचे संच, गज आणि योग्य तेल यांचा पुरवठा अपुरा होता आणि शिकवणीही तोकडी. पोरं घरी पत्र लिहून गज आणि तेल मागवत होती. ज्याला साधन दिलं नाही, त्यालाच ते न वापरल्याबद्दल बोल लावणं हा अन्याय आहे. अविश्वास इथे रुजला. पुंगळी अडकली म्हणून जवान चिडला असेल, पण विश्वास उडाला तो ‘चूक तुझीच’ हे ऐकून.

१९६७ च्या वसंतात मरीन जवानांच्या हातून एम-१४ काढून एम-१६ दिली गेली आणि थोड्याच दिवसांत खे सान्हभोवतालच्या टेकड्यांवर भीषण लढाया झाल्या. त्यांत दीडशेहून अधिक मरीन मारले गेले. त्या सगळ्यांचे बळी रायफलीने घेतले असं म्हणणंही चूक ठरेल. तोफा, खंदक, दाट झाडी हे सगळं तिथे होतंच. पण एका मरीनने घरी लिहिलं की आमच्यातले जवळजवळ सगळे मृत सुट्या केलेल्या रायफलीशेजारी सापडले. ते पत्र वर्तमानपत्रात छापून आलं आणि काँग्रेस सदस्य जेम्स हॉवर्ड यांनी ते सभागृहापुढे नेलं.

असं पत्र लिहिणं म्हणजे बेशिस्त, असं मानणारे आजही आहेत. त्यांनी पुढचा इतिहास पाहावा. रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली प्रतिनिधिगृहाची उपसमिती १९६७ च्या मे महिन्यात नेमली गेली आणि ऑक्टोबरमध्ये तिचा अहवाल आला. ‘वरिष्ठांना कल्पनाच नव्हती’ ही समजूत त्याने मोडीत काढली. नव्या दारूने रायफलीचा गोळ्या झाडण्याचा वेग वाढतो हे चाचण्यांत दिसलं होतं. रायफली बनवणाऱ्या कोल्ट कंपनीला स्वीकृतीच्या चाचणीत जुनी दारू वापरायची मुभा दिली गेली होती, आणि रणांगणावर जात होती बहुतेक नवी. म्हणजे कारखान्यात पास होणारी रायफल आणि जवानाच्या हातातली रायफल वेगवेगळं अन्न खात होती. स्टोनर यांनी समितीला सांगितलं की, त्यांचं मत विचारलं गेलं ते निर्णय झाल्यावर. दारूगोळ्यातले दोष दूर न करण्यातलं अधिकाऱ्यांचं अपयश गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या काठावरचं आहे, असं समितीने लिहिलं.

एक टोकाचा समजही आहे: लष्करातल्या जुन्या रायफलीच्या पाठीराख्यांनी हे मुद्दाम केलं. समितीने ठपका ठेवला तो निष्काळजीपणाचा. माझ्या मते तो पुरेसा गंभीर आहे, त्याला कटाची जोड लागत नाही.

अहवालानंतर रायफल सुधारली असंही सरसकट म्हणता येत नाही. मागे येणाऱ्या भागाला आवरणारा जड बफर १९६६ च्या अखेरीसच येऊ लागला होता. क्रोमचं चेंबर १९६७ मध्ये आलं. १९६८ मध्ये लष्कराने निगा शिकवणारी चित्रमय पुस्तिका काढली. चित्रं विल आयस्नर यांची. पुढे दस्त्यातच झाकणाची पोकळी आली, सफाईचा संच ठेवण्यासाठी.