पाणीपट्टीतून गाड्या येतात का?

नांदेड असो की लातूर, अंदाजपत्रकाचे दिवस आले की एक वाक्य पानटपरीवर हमखास ऐकू येते: नळाला पाणी नाही, पण पाणीपट्टी वाढवायची आणि त्या पैशात साहेबांना गाड्या घ्यायच्या. यातली चीड खरी आहे, पण हिशेब चुकीचा आहे, आणि त्यामुळे विचारायचा तो प्रश्न राहूनच जातो.

पाण्यापासून सुरुवात करू. पाणी देवाचे, मग त्याचा दर कसला, हा सर्वांत जुना गैरसमज. आपण पैसे मोजतो ते मुख्यतः पाणी चढवण्याचे आणि शुद्ध करण्याचे. एक हजार लिटर पाणी 100 मीटर उंच न्यायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने 0.27 युनिट वीज लागते. पंप आणि मोटारीतली घट धरली की ती 0.4 युनिटच्या आसपास जाते. लातूरचे पाणी मांजरा धरणातून, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या धनेगावाहून ढकलत आणावे लागते. नांदेडला विष्णुपुरीचा जलाशय उशाशी आहे, तरी पंप तिथेही चालवावेच लागतात. विजेचा दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि धरणातल्या पाण्याचा दर जलसंपत्ती नियमन प्राधिकरण. महापालिकेच्या सभागृहाच्या हाती उरते ते एवढेच: हा खर्च कोणाकडून आणि किती वसूल करायचा. वाहतुकीची किंमत लातूरने 2016 मध्ये पाहिली. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली रेल्वेगाडी आली ती 10 वाघिणींतून 5 लाख लिटर पाणी घेऊन. पुढे मे महिन्यात रेल्वेने सुमारे 6.20 कोटी लिटरसाठी 4 कोटी रुपयांचे बिल पाठवले. म्हणजे हजार लिटरला जवळपास 645 रुपये!

यावरचा आक्षेप बिनतोड आहे. नळ चार-आठ दिवसांनी येणार असेल, तर पट्टी वर्षभराची का? कारण अर्ध्या इंची जोडणीची ठोक पट्टी लिटर मोजतच नाही. किती पाणी आले आणि किती वाटेत गळाले, हे तिला ठाऊकच नसते. आणि गळालेल्या पाण्यावरही वीज खर्च झालेली असते. यावर उपाय मीटरचा. पण लातूरमध्ये 2008 साली पाणीपुरवठा 10 वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे गेला, मीटर आणि दरांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि तो प्रयोग मुदतीआधीच गुंडाळला गेला. तो विरोध मला चुकीचा वाटत नाही. आधी पाणी नियमित, मग मीटर, हा क्रम उलटा लावला की लोक चिडणारच.

आता गाड्या. महापौरांच्या किंवा आयुक्तांच्या मोटारीची बातमी होते, घंटागाडीच्या टायरची होत नाही. पाणीपुरवठ्याचा खर्च पट्टीतून भागतच नाही, ही बहुतेक महापालिकांची रड. तिथे गाड्यांसाठी शिल्लक कुठून उरणार? पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी अशा मध्यम शहरांना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा बांधील होता: निम्मा स्वच्छता आणि कचऱ्यासाठी, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. कचऱ्याची वाहने अशा पैशातून घेता येतात. पगार मात्र त्यातून देता येत नाही. खरी मेख इथे आहे. गाडी अनुदानातून आली तरी चालक, डिझेल आणि दुरुस्ती यांचा भार शहराच्या स्वतःच्या उत्पन्नावर पडतो. फीत कापून आणलेली गाडी पुढे बॅटरीवाचून आवारात उभी राहिली, तर खरेदी स्वस्तात झाली म्हणून काय उपयोग? जुनीच वापरा, हा सल्लाही आता पुरत नाही. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी चालू ठेवता येत नाही, आणि त्यात महापालिकांची वाहनेही आली.

हे सगळे नगरसेवकांनी केले, असेही म्हटले जाते. कायद्याने आयुक्त प्रस्ताव देतात, 16 सदस्यांची स्थायी समिती तो तपासते आणि कराचे दर सर्वसाधारण सभा 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवते. पण 2022 मध्ये दोन्ही शहरांतल्या सभागृहांची मुदत संपली. 15 जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता, तो म्हणजे प्रशासक. त्या काळातल्या निर्णयांचे खापर नगरसेवकांवर फोडता येत नाही. आता मात्र त्यांना ती सबब नाही.

म्हणून आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला गाडीची किंमत विचारू नका. तिचा वर्षाचा चालवण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली धरला आहे, ते विचारा. आणि पंपांचे वीजबिल किती, पाणीपट्टीची वसुली किती, हे आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवायला सांगा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे अंदाजपत्रक महापालिकेने अर्जाची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते.