गरवा बहर : नागपुरातील उशिराच्या फुलोऱ्याविषयी

पळसाची फुले गळून पडली, काटेसावरीच्या उघड्या फांद्यांवर बोंडे दिसू लागली, की शहरातील बहर संपला असे मानण्याची आपली रीत आहे. त्यानंतर चैत्राच्या अखेरीपासून ज्येष्ठापर्यंत नागपुरात उरते ते केवळ ऊन, अशी सर्वसाधारण समजूत असते. आणि पारा ४५ अंशांपलीकडे जात असता फुले पाहावयास निघणाऱ्याकडे लोक थोड्या संशयानेच पाहतात. तथापि येथील फुलोऱ्याचा मोठा वाटा याच दिवसांत, आणि काही वाटा त्याच्याही नंतर, पदरात पडतो. तो कोठे व केव्हा पाहावा हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू. त्यास काय म्हणावे याचा विचार करणे हा दुसरा. दुसऱ्यावाचून पहिला पुरा करणे भाषेच्या अभ्यासकास साधत नाही, हे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

उशिराच्या फुलोऱ्याचा प्रश्न निघाला की जपानची आठवण होणे स्वाभाविक आहे. चेरीची फुले पाहावयास जाणे यास त्या भाषेत 'हानामी' असा स्वतंत्र शब्द आहे. सोमेइ-योशिनो ही सर्वत्र लावलेली जात फुलून गेली, की एक-दोन आठवड्यांनी अनेक पाकळ्यांची 'याएझाकुरा' फुलते; आणि जे झाड उशिरा फुलते त्यासाठी 'ओसोझाकी' हे विशेषण तयार आहे. ओसाका येथील टांकसाळीच्या आवारातील रस्ता १८८३ पासून दर वर्षी एप्रिलमध्ये सुमारे आठवडाभर लोकांसाठी खुला केला जातो. तेथील झाडांत या उशिराच्या जातींचाच भरणा अधिक. म्हणजे पहिला बहर ज्यांचा हुकला त्यांची तेथे निराशा होत नाही. त्यांच्यासाठी दुसरे स्थळ, दुसरी वेळ आणि शब्दही ठरलेला आहे. (आपल्या सेमिनरी हिल्सवरील जपानी उद्यानाचे नाव ऐकून कोणी तेथे चेरी शोधावयास जाऊ नये. त्या झाडास हिवाळ्यात दीर्घकाळ जी थंडी लागते ती नागपूर देऊ शकत नाही.)

मराठीत असा शब्द नाही, असे पुष्कळदा म्हटले जाते. हे खरे नव्हे. तो फुलझाडांच्या शब्दसंग्रहात नाही, शेतीच्या शब्दसंग्रहात आहे. लवकर येणारे पीक ते 'हळवे', उशिरा येणारे ते 'गरवे' आणि मधले ते 'निमगरवे', ही विभागणी भात पिकवणाऱ्या मराठी मुलुखास सुपरिचित आहे. या शब्दांच्या मुळाशी काळ नसून वजन आहे. संस्कृत 'गुरुक' पासून प्राकृतात 'गरुअ' झाले, त्यातून 'गरवा'. 'लघुक' पासून वर्णविपर्ययाने 'हलुअ' झाले, त्यातून 'हळवा'. आमच्या पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, तर 'हलके धान' आणि 'भारी धान' असे उघडच म्हणतात. मूळ अर्थ तेथे झिजलेलाच नाही. तेव्हा शेतकऱ्याच्या मराठीत जे उशिरा येते ते रखडलेले नसते. ते जड असते, त्यास अधिक दिवस लागतात, एवढेच. 'उशीर' या शब्दात जो दोषारोप आहे तो 'गरवा' या शब्दात नाही. हा शब्द मी येथे पिकावरून फुलोऱ्यावर उसना घेत आहे. तो बसतो की नाही ते पुढील विवेचनावरून ठरावे.

प्रथम शहरातील झाडे. गरव्या बहराचा खरा धनी बहावा. एप्रिलच्या उत्तरार्धात त्याची जुनी पाने बहुतेक झडलेली असतात आणि हातभर लांबीचे पिवळे घोस खाली लोंबू लागतात; मे महिना हा त्याच्या भराचा काळ होय. सिव्हिल लाइन्समधील जुन्या बंगल्यांची आवारे, सेमिनरी हिल्सचा चढ, महाराजबाग आणि अमरावती रस्त्यावरील विद्यापीठाचा परिसर या बाजूंनी हिंडावे. सकाळी साडेसहाच्या सुमारास जावे; आठनंतर ऊन पाकळ्यांचा रंग फिका करते आणि पाहणाऱ्याचा उत्साहही. बहावा फुलल्यावर पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो, असे लोक सांगतात. एकाच रस्त्यावरील दोन बहावे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने फुलताना दिसत असल्यामुळे, पावसाने त्यांपैकी कोणाचे ऐकावे हे मला उमगलेले नाही.

अमरकोशात या झाडास आरग्वध, राजवृक्ष, कृतमाल, सुवर्णक, व्याधिघात अशी नामावळीच आहे. त्यांपैकी 'राजवृक्ष' हे नाव सयामी भाषेत जाऊन 'रात्चाफ्रुक' झाले, आणि २००१ मध्ये थायलंडने त्याच फुलास राष्ट्रीय फुलाचा मान दिला. केरळात तेच झाड 'कणिकोन्ना'. एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या विषूच्या सणास त्याची फुले लागतातच. म्हणजे जे झाड तेथे वर्षारंभाचे, ते येथे आमच्या नववर्षानंतर महिना-दीड महिन्याने भरास येते म्हणून उशिराचे. झाड तेच, उशीर हा पंचांगातला.

बहाव्याच्या जोडीने नीलमोहर, सोनमोहर आणि सर्वांच्या शेवटी गुलमोहर येतो. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. ते मुळात नदीकाठचे व ओलसर जागेचे झाड असल्याने नागपुरात लावलेलेच आढळते, पण मे महिन्यात त्याचे जांभळे तुरे उद्यानांतून पाहावयास मिळतात. गुलमोहराचा बहर जूनमध्ये पहिल्या वळिवापर्यंत टिकतो आणि एका सरीत रस्त्यावर उतरतो. येथे एक भाषिक गंमत नोंदवण्यासारखी आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा, सोनमोहर आग्नेय आशियाकडचा. 'गुल' हा शब्द फारसी. त्यापुढील 'मोहर' म्हणजे सोन्याचे नाणे, अशी एक उपपत्ती सांगतात, आणि इंग्रजांनी या झाडास दिलेल्या नावात ते नाणेच होते. मराठी कानाने मात्र त्यात आंब्याचा मोहोर ऐकला. एकदा 'गुलमोहर' म्हणजे तांबडा मोहोर असे ठरले, की निळ्या फुलांचा तो नीलमोहर आणि पिवळ्यांचा तो सोनमोहर हे सादृश्याने आपोआप घडले. तीन परदेशी झाडे एका देशी शब्दाखाली सख्खी भावंडे झाली, ती अशी.

परंतु या सर्वांहून गरवा, आणि ज्यावर खऱ्या अर्थाने लोकांचे पोट अवलंबून आहे असा नागपूरचा फुलोरा रस्त्यावर दिसत नाही. तो संत्र्याचा होय. संत्र्याचे फळ सर्वांच्या परिचयाचे आहे. २०१४ मध्ये त्यास भौगोलिक निर्देशांकही मिळाला. त्याचे फूल पाहिलेले नागपूरकर मात्र थोडे. पांढरे, पाच पाकळ्यांचे, बोटाच्या पेराएवढे हे फूल दुरून नजरेत भरत नाही. बागेत पाऊल टाकण्यापूर्वी त्याचा वास येतो.

या बागांत 'बहर' शब्दाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. फारसीत 'बहार' म्हणजे वसंत ऋतू. मराठीने तो शब्द दोन रूपांत घेतला: 'बहार' स्त्रीलिंगी, 'बहर' पुल्लिंगी. फारसीत व्याकरणिक लिंगच नसल्यामुळे हा भेद सर्वस्वी आपला. गाण्याची 'बहार येते', झाडास 'बहर येतो'. वऱ्हाड-नागपुरातील बागाईतदार यापुढे गेला. तो 'आंबिया बहार फुटला' असे म्हणतो. रूप पहिले, लिंग दुसऱ्याचे. व्याकरणकारास हे खटकेल, मला तसे वाटत नाही. बागेत या शब्दाचा अर्थच वेगळा असल्याने त्याने आपले लिंगही वेगळे धरले.

हा वेगळा अर्थ पुढीलप्रमाणे. संत्र्याचे झाड येथील हवेत वर्षातून तीन वेळा फुलू शकते. जानेवारी-फेब्रुवारीतील तो आंबिया बहर. जून-जुलैतील तो मृग बहर. सप्टेंबर-ऑक्टोबरातील तो हस्त बहर. पहिल्याचे नाव दुसऱ्याच झाडावरून पडले आहे: आंबा मोहोरतो तेव्हा फुलणारा तो आंबिया. उरलेल्या दोहोंची नावे सूर्यनक्षत्रांवरून आली. मूळ शब्दाचा अर्थ वसंत असूनही तिघांपैकी एकाच्याही नावात वसंत नाही. 'वसंत' हा अर्थ बागेच्या कुंपणाबाहेर राहिला आणि आत त्याच्या जागी आंबा, मृग व हस्त ही तीन घड्याळे लागली.

यापुढचा पालट क्रियापदात आहे. बहर 'येतो' हे कवीचे मराठी. बागाईतदार बहर 'धरतो' किंवा 'घेतो'. तिन्ही वेळी थोडीथोडी फुले येऊ दिली तर झाड थकते आणि एकही पीक नीट हाती लागत नाही. म्हणून एक बहर निवडावा लागतो. निवडण्याचे साधन म्हणजे 'ताण'. बागेचे पाणी तोडावयाचे. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत अधिक. झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होतात, काही गळतात. फांद्यांत साठलेले अन्न नव्या पालवीकडे न जाता राखून राहते. मग पाणी दिले की साधारणतः तीन-चार आठवड्यांत नवी फूट आणि तिच्याबरोबर फुले बाहेर पडतात. आंबियासाठी ताणास डिसेंबरच्या थंडीची मदत होते व तो विहिरीच्या पाण्याने तोडावा लागतो. मृगासाठी ताण उन्हाळाच देतो आणि तोडतो तो पाऊस.

आंबिया सोडून मृग धरण्यामागे पुष्कळदा पाण्याचा हिशेब असतो. आंबियाची कोवळी फळे एप्रिल-मे महिन्यांत झाडावर असतात, आणि तेव्हाच विहिरी तळाला जातात. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात भूजलाचा उपसा इतका झाला आहे की तेथील बोअरची खोली ऐकून छाती दडपते. ज्याच्यापाशी उन्हाळ्यात पाणी नाही तो मृगाची वाट पाहतो. सूर्य मृग नक्षत्रात ७ किंवा ८ जूनच्या सुमारास जातो. नागपुरात मोसमी पाऊस स्थिरावण्यास त्यानंतर आणखी आठवडाभर तरी जातो. पाऊस वेळेवर येऊन टिकला तर जुलैत बागा पांढऱ्या होतात. एक सर येऊन नंतर पंधरा दिवस ऊन पडले, तर ताण अर्धवट तुटतो आणि फुलांऐवजी नुसती पालवी येते. पाऊस फारच लांबला तर ताण झाडाला पेलत नाही. मे महिन्यातच अवकाळी पाऊस झाला तर ताण बसतच नाही. अशा वर्षी 'मृग फुटला नाही' एवढेच तीन शब्द गावात फिरतात, आणि पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकावयास काही नसते. या वाक्यातील 'मृग' म्हणजे नक्षत्र नव्हे, पाऊस नव्हे, तर फूल. शेतीच्या पंचांगातील एक नाव झाडाच्या डोळ्यापर्यंत येऊन पोहोचले आहे. नक्षत्रप्रवेशाच्या तारखा सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात, हे ज्योतिषाचे गणित झाले. बागाईतदार ज्या सरकण्याची तक्रार करतो ती याहून पुष्कळ वेगवान आहे.

हस्त बहर विदर्भात सहसा धरीत नाहीत. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

ज्यांस मृग बहर पाहावयाचा असेल त्यांनी पहिल्या दमदार पावसापासून तीन आठवडे मोजावे व मग निघावे. तारीख आधी ठरवून उपयोग नाही. शहराच्या कडेच्या पुष्कळ बागा ले-आऊटमध्ये गेल्या, त्यामुळे थोडे बाहेर पडावे लागते. अमरावती रस्त्यावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. १९८५ मध्ये राष्ट्रीय संशोधन केंद्र म्हणून ती सुरू झाली. अभ्यासासाठी जाणाऱ्यांनी तेथे आगाऊ लिहून परवानगी घ्यावी. इतरांसाठी इटारसीकडे जाणारी सकाळची गाडी उत्तम. कळमेश्वरनंतर रुळांच्या दोन्ही बाजूंस बागा सुरू होतात व काटोल, नरखेडपर्यंत सोबत करतात. काटोलला उतरून कोणत्याही बागेच्या फाटकापाशी विचारावे. मालक बहुधा नाही म्हणत नाही. फांदी हलवू नये, फूल तोडू नये, कारण तेथे प्रत्येक फुलाकडे फळ म्हणून पाहिले जाते. सकाळी दहाच्या आत वास सर्वाधिक असतो. रिमझिम असेल तर तो जमिनीलगत राहतो, आणि चिखलातून चालताना कमरेच्या उंचीवर येऊन मिळतो.